वाचक विचारतात: सगळे मर्फी एकाच घरातले का हो?

मागच्या अंकात जुन्या रेडिओंवर एक छोटी चौकट छापली होती, त्यात मर्फीचं नाव आलं आणि त्या एका नावावरून पंचवटीपासून देवळालीपर्यंत एवढे मेल आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. भाजीपाल्यावरच्या औषधांचे आणि पेन्शनचे प्रश्न पुढच्या महिन्यात नक्की घेतो, रागावू नका.

प्रश्न (पंचवटी): आमच्याकडे आजोबांचा मर्फी रेडिओ अजून माळ्यावर आहे. मुलगा म्हणतो ओपनहायमर सिनेमातला हिरो पण मर्फीच आणि तो "मर्फीचा नियम" पण मर्फीचाच. हे सगळे एकाच खानदानातले आहेत का? नाव कुठलं म्हणायचं, इंग्लंडचं का?

उत्तर: नाव आयर्लंडचं, आणि तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं. १८९० साली तिकडे जन्मलेल्या मुलांची आडनावं सरकारने मोजली होती, मॅथिसन नावाच्या अधिकाऱ्याने त्याचा रिपोर्ट काढला, त्यात एका वर्षात १३८६ मर्फी जन्मलेले आणि दुसऱ्या नंबरवर केली, १२४२. त्यावरून त्याने हिशोब काढला की देशात सुमारे ६२ हजार मर्फी असतील. आजही पहिला नंबर मर्फीचाच, आणि दक्षिणेकडच्या कॉर्क जिल्ह्यात तर विचारूच नका.

आता एकाच घरातले का, तर नाही. मूळ आयरिश रूप "ओ मुरखा", हल्लीच्या स्पेलिंगने "ओ मुरखू" असं काहीतरी ऐकू येतं (हसू नका, आपल्या मूर्खाशी काही संबंध नाही). मुरखा हे जुन्या काळी माणसाचं स्वतःचं नाव होतं, समुद्र आणि लढाई हे दोन शब्द जोडून झालेलं, म्हणजे समुद्रावरचा लढवय्या. नाव भारदस्त असल्यामुळे लोकांनी पोरांना सर्रास ठेवलं. आयर्लंडमधे वंशपरंपरेने चालणारी आडनावं दहाव्या-अकराव्या शतकातच सुरू झाली, युरोपात एवढ्या लवकर फार कुठे नव्हती, आणि तेव्हा पद्धत अशी की एखाद्या नावाजलेल्या आजा-पणजाचं नाव धरायचं आणि आपण त्याचे वंशज म्हणून सांगायचं. मुरखा नावाचे आजे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे होऊन गेले त्यामुळे वेक्सफर्डचे मर्फी वेगळे, कॉर्कचे वेगळे, स्लायगो आणि रॉसकॉमनचे वेगळे, आणि उत्तरेला टिरोन-आर्मामधे तर "मॅक मुरखा" होते त्यांचंही पुढे इंग्रजीत मर्फीच झालं. आपल्याकडे सिन्नरचे पवार आणि धारचे पवार भेटले की आधी कूळ विचारतात, देवक विचारतात, मग नातं ठरतं, तसंच आहे हे.

त्यातल्या त्यात वेक्सफर्डच्या मर्फींना राजघराण्याशी नातं सांगता येतं. तिथला लेन्स्टरचा राजा डिअरमिड मॅक मुरखा, त्याच्या आजाचं नाव मुरखा. या डिअरमिडला ११६६ साली इतर राजांनी मिळून हाकलून लावलं, तो गेला थेट इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाकडे मदत मागायला, मग ११६९ ला नॉर्मन सैनिक उतरले, पुढच्या वर्षी स्ट्राँगबो नावाचा सरदार आला आणि डिअरमिडने आपली मुलगी ईफा त्याला वॉटरफर्डमधे लग्न लावून दिली. घरच्या भांडणात बाहेरचा माणूस बोलावला आणि तो परत गेलाच नाही. आयरिश लोक अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात, आणि मर्फी मंडळी आपलं मूळ सांगताना हा भाग जरा भरभर सांगतात असं मला नेहमी वाटतं.

रेडिओचं म्हणाल तर ती कंपनी इंग्लंडची. फ्रँक मर्फी नावाच्या इंजिनियरने ई. जे. पॉवर या भागीदाराबरोबर १९२९ साली लंडनजवळ वेल्विन गार्डन सिटीत काढलेली, आणि गंमत म्हणजे १९३७ साली तो स्वतःच कंपनी सोडून गेला, नाव मात्र मागे राहिलं. आपल्याकडे ते ओठावर बोट ठेवलेलं गुबगुबीत बाळ लोकांच्या जास्त लक्षात आहे, रेडिओ विकून टाकलेल्या घरांतही कॅलेंडरवरचं ते बाळ आठवतं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचं तो काळ.

सिनेमातला मर्फी म्हणजे किलियन मर्फी, "सिलियन" नव्हे, आयरिशमधे तिथे क चा उच्चार करतात. तो अस्सल कॉर्कचा, जन्म १९७६ चा, आणि ओपनहायमरसाठी २०२४ साली ऑस्कर मिळालं. कॉर्कमधेच १८५६ साली जेम्स मर्फीने भावांबरोबर काळ्या बिअरचा कारखाना काढला, ती मर्फीज बिअर आजही मिळते. पण किलियनचं आणि बिअरवाल्यांचं नातं लावायला जाऊ नका, कॉर्कमधे मर्फी या आडनावावरून काहीही सिद्ध होत नाही.

प्रश्न (सातपूर): आमच्या शॉपफ्लोअरवर एक पाटी आहे, "जे बिघडू शकतं ते बिघडणारच, मर्फी". हा मर्फी खरंच होता का कोणीतरी उगाच नाव लावलंय?

उत्तर: खरंच होता. कॅप्टन एडवर्ड मर्फी, अमेरिकन हवाई दलातला इंजिनियर, जन्म १९१८ चा, पनामा कालव्याच्या भागातला. १९४९ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड्स हवाई तळावर प्रयोग चालू होते की माणसाचं शरीर अचानक ब्रेक लागल्यावर किती झटका सहन करू शकतं, त्यासाठी रुळांवर रॉकेटची गाडी पळवायची आणि झटक्यात थांबवायची. आणि त्यात बसायचा कोण तर डॉक्टर जॉन स्टॅप स्वतः, दुसऱ्याला बसवून आपण वही घेऊन बाजूला उभा राहणाऱ्यातला तो नव्हता. मर्फीने तिथे मोजमापाचे सेन्सर आणले. प्रत्येक सेन्सर दोन पद्धतीने जोडता यायचा, एक बरोबर एक चूक, आणि सगळेच्या सगळे उलटे जोडले गेले, रीडिंग शून्य. मर्फी वैतागून जे बोलला त्याचा अर्थ असा की चुकीचं करायची एक जरी वाट असेल तरी हा माणूस ती शोधून काढेल. टीममधल्या जॉर्ज निकल्सने त्यालाच मर्फीचा नियम म्हणायला सुरुवात केली, मग स्टॅपने पत्रकारांना सांगितलं की आम्ही हा नियम डोक्यात ठेवून काम करतो म्हणून आमच्याकडे कोणाला गंभीर इजा झाली नाही, आणि तिथून तो जगभर गेला.

तुमच्या पाटीवर जे आहे ते जरा रडगाणं झालंय. मूळ मुद्दा नशिबाचा नव्हताच, डिझाईनचा होता. पार्ट दोन बाजूंनी बसत असेल तर कधीतरी कोणीतरी उलटा बसवणार, म्हणून तो एकाच बाजूने बसेल असाच बनवा. प्लगची पिन, सिमकार्डचा कापलेला कोपरा, हे सगळं त्याच विचाराचं. ओझरला विमानाच्या कामात आयुष्य घालवलेल्या आपल्या वाचकांना हे मी सांगायची गरज नाही.

प्रश्न (देवळाली कॅम्प): आजोबा कॅम्पात लष्करी ऑफिसात कारकून होते. ते सांगायचे की गोऱ्या सोल्जरांमधे मर्फी, केली, रायन अशी नावं लई असायची. हे इंग्रज का आयरिश?

उत्तर: नावावरून तरी आयरिश घराण्यातले, आजोबांचं निरीक्षण चांगलं होतं. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करात चाळीस टक्क्यांहून जास्त शिपाई आयरिश होते, पुढे प्रमाण घटलं तरी आयरिश पलटणी हिंदुस्थानात येतच राहिल्या. गावाकडे जमीन नाही, काम नाही, मग पोरगा पलटणीत. ज्या राज्याने आपला देश घेतला त्याच राज्याच्या पगारावर दुसऱ्याचा देश सांभाळायला जायचं.

तुमच्या देवळालीला १८६१ पासून ट्रान्झिट कॅम्प होता, नोकरी संपलेले शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत तिथे पडून राहायचे, बोटी फक्त थंडीच्या मोसमात, त्यामुळे ज्याची वेळ चुकली तो महिनोनमहिने उन्हात. काम नाही, दारू, ताप, आणि डोकं फिरायचं. इंग्रजीत वेडा झाला या अर्थाने "डूलॅली" म्हणतात ते देवळालीवरूनच, हे तुम्हाला माहीत असणारच.

पण सगळे गुमान राहिले असंही नाही. जून १९२० मधे जालंधरला कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतल्या शिपायांनी शस्त्रं खाली ठेवली, कारण घरी आयर्लंडमधे ब्रिटिश फौजा त्यांच्याच माणसांवर अत्याचार करतायत अशा बातम्या येत होत्या. ते लोण सोलनला पोचलं. जेम्स डेली नावाच्या तरुण शिपायाला २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या आणि त्याचे अवशेष थेट १९७० साली आयर्लंडला नेले. आपल्या पुस्तकांत हे फारसं येत नाही, यायला हवं. बाकी मर्फी हे नाव भारतात अजून एका ठिकाणी टिकून आहे, बेंगळुरूला हलसूरजवळ मर्फी टाउन नावाची वस्ती आहे.

प्रश्न (कॉलेज रोड): ओब्रायन, ओनील, ओकॉनर यांच्यात "ओ" असतो, मग मर्फीमधे का नाही?

उत्तर: होता, गळला. "ओ" म्हणजे अमक्याचा नातू किंवा वंशज, "मॅक" म्हणजे मुलगा. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजांचं राज्य पक्कं झाल्यावर आयरिश भाषा आणि कॅथलिक धर्म दोन्ही अडचणीचे ठरले, आणि कागदावर नाव लिहिणारा इंग्रजी कारकून कानाला येईल तसं लिहायचा, त्यात ओ आणि मॅक बऱ्याच घरांतून गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपली भाषा आपली संस्कृती अशी चळवळ जोरात आली तेव्हा कित्येकांनी ओ परत लावून घेतला, सलिव्हनचे ओसलिव्हन झाले, पण मर्फींनी इंग्रजी नावात तो परत घेतलाच नाही. का नाही घेतला, तर मला वाटतं एवढ्या शतकांत मर्फी हे इतकं पक्कं बसलं होतं की ओमर्फी त्यांनाच विचित्र वाटलं असणार.

आयरिशमधे लिहिताना मात्र ओ येतो, आणि बाईचं नाव वेगळं होतं. मर्फी घरची लेक "नी वुरखू" आणि मर्फी घरची सून "बॅन ई वुरखू". म्हणजे नुसत्या नावावरून लेक का सून ते कळतं. आयरिश भाषेत काम करणाऱ्या पत्रकार, शिक्षिका असं नाव आजही लावतात.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): पोराच्या इंग्रजीच्या पुस्तकात बटाट्याला मर्फी म्हणतात असं आलंय. हे काय प्रकरण भो? आम्ही टोमॅटोवाले, बटाट्याचं आम्हाला काय, पण विचारलं.

उत्तर: तुमचा संबंध आहे, आणि चांगलाच आहे. आयरिश माणूस म्हटलं की बटाटा आणि आयरिश नाव म्हटलं की मर्फी, यावरून इंग्रजांनी चेष्टेने बटाट्यालाच मर्फी म्हणायला सुरुवात केली. चेष्टा दुष्काळाच्या आधीपासूनची आहे, पण दुष्काळानंतर ती ऐकवत नाही.

झालं असं की आयर्लंडमधे चांगली जमीन जमीनदारांकडे, कुळाच्या वाट्याला एक तुकडा, त्यात बायकापोरं जगवायची तर बटाट्याइतकं भरपूर दुसरं काही पिकत नव्हतं. त्यातही बहुतेक ठिकाणी लंपर नावाचा एकच वाण. १८४५ साली त्यावर रोग आला, पानं काळी पडली आणि जमिनीतला बटाटा सडला. हा रोग म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून तुमच्या टोमॅटोवर ढगाळ, दमट हवेत येतो तो उशिराचा करपा, जीव तोच, फायटोप्थोरा. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत जवळपास ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ ला साधारण साडेपासष्ट लाखांवर आली. आणि या सगळ्यात ओट्स आणि जनावरं बोटीत भरून इंग्लंडला जातच होती, भाडं थकलं म्हणून कुळांना घराबाहेर काढणंही चालूच होतं. करपा निसर्गाचा, पण एवढे मेले ते निसर्गाने नाही.

औषध उशिरा आलं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, जे तुमच्याकडे द्राक्षाच्या डाउनी रोगावर वर्षानुवर्षं मारतात, ते फ्रान्समधे द्राक्षासाठीच निघालं १८८० च्या दशकात, आणि मग बटाट्याच्या करप्यावरही चालतं हे लक्षात आलं. चाळीस वर्षं आधी निघालं असतं तर बॉस्टन-न्यूयॉर्कमधे एवढे मर्फी दिसले नसते.

गेले त्यांच्या पोरांनी नाव काढलं. शिकागोचे सर्जन जॉन बेंजामिन मर्फी हे आयरिश स्थलांतरितांचे चिरंजीव, पित्ताशयाला सूज असेल तर डॉक्टर उजव्या बरगडीखाली दाबून श्वास घ्यायला सांगतात आणि पेशंटचा श्वास मधेच अडकतो, त्या तपासणीला आजही मर्फीज साइन म्हणतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा. विल्यम मर्फी यांना कच्चं लिव्हर खायला घालून एका जीवघेण्या ॲनिमियावर उपाय दाखवल्याबद्दल १९३४ चं नोबेल दोघांबरोबर वाटून मिळालं. टेक्ससच्या गरीब शेतमजुराचा पोरगा ऑडी मर्फी दुसऱ्या महायुद्धात एवढा लढला की अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, नंतर तो सिनेमात गेला आणि १९७१ ला विमान अपघातात वारला. भिंतीत दुमडून ठेवायचा पलंग तो मर्फी बेड, तोही सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मर्फीचाच.

जे मागे राहिले, किंवा आधी लढून गेले, त्यांच्यात मला सगळ्यात मोठा वाटतो तो फादर जॉन मर्फी. वेक्सफर्डमधला साधा पाद्री, आधी लोकांना हत्यारं परत करा सांगणारा, पण सैनिकांनी घरं जाळायला सुरुवात केल्यावर मे १७९८ मधे इंग्रजांविरुद्धच्या बंडात तोच लोकांच्या पुढे उभा राहिला. ऊलर्ट टेकडीवर भाले घेऊन सरकारी तुकडीला हरवलं, जूनमधे व्हिनेगर हिलवर बंडाचा मोड झाला, जुलैच्या सुरुवातीला टल्लो गावात फादर मर्फीला हाल करून फाशी दिलं.

प्रश्न (इंदिरानगर): हॉलिवूडचा विनोदी नट एडी मर्फी कृष्णवर्णीय आहे, तो पण आयरिश का?

उत्तर: आडनावावरून तसं म्हणता येत नाही. गुलामगिरीतून आलेल्या अमेरिकन घराण्यांत युरोपी आडनावं बऱ्याचदा मालकाची, कधी स्वतः निवडलेली. याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे आयझॅक मर्फी, केंटकीचा घोडेस्वार, जन्म १८६१ चा, मूळ नाव आयझॅक बर्न्स. जॉकी झाल्यावर आईच्या इच्छेने आईचे वडील ग्रीन मर्फी यांचं आडनाव घेतलं आणि १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत जिंकला. त्याच्यासाठी मर्फी म्हणजे आयर्लंड नव्हतंच, आजोबा होते.

प्रश्न (गंगापूर रोड): मुलगी डब्लिनला शिकतेय, तिची रूममेट मर्फी आहे, घराणं अमेरिकेत वाढलेलं. तिला मूळ गाव शोधायचंय. मुलीने तिला त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्यांबद्दल सांगितलं, तर ती म्हणे आमच्याकडे असं काही आहे का?

उत्तर: तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबाची सही निघते, एवढं सोपं तिकडे नाही. १९२२ च्या जूनअखेर यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर स्फोटात जळालं, १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे सरकारने आधीच नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करायला घातले, हे वाचून तर कपाळावर हात मारायची वेळ येते.

पण उरलंय तेही थोडं नाही. १९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण आहे, नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट, घरातल्या माणसांची नावं, वय, धर्म, वाचता येतं का, सगळं. १८४७ ते १८६४ या काळातली ग्रिफिथची मोजणी आहे, म्हणजे कोणत्या कुळाकडे कोणाची किती जमीन, आपल्या सातबाऱ्याच्या जवळ जाणारी. १८६४ पासून जन्म, मृत्यू आणि लग्नाची सरकारी नोंद आहे, आणि कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो नॅशनल लायब्ररीने २०१५ साली सगळ्यांसाठी टाकलेत.

फक्त तिला सांगा, मर्फी टाकून शोधू नको, बुडून जाशील. सुरुवात अमेरिकेपासून करायची, पणजोबाच्या मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, थडग्यावरचा दगड, वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी, कुठेतरी जिल्हा नाहीतर पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, लिहिलेली सापडते. मग बायकोचं माहेरचं आडनाव शोधायचं, ते जर थोडं वेगळं असेल तर अर्धं काम झालं, कारण जॉन मर्फी पन्नास निघतील पण अमक्या आडनावाच्या बायकोचा जॉन मर्फी एखाददुसराच. शेवटी टाउनलँड लागतं, म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा, देशात असे साठ हजारांहून जास्त आहेत. आणि पलटणीतून इकडे आलेला कोणी पूर्वज निघाला तर मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिथे देवळालीही बघायला सांगा.